मरीन ड्राइव्हला सायकल मार्गिका: लेन कापायची की फूटपाथ?

चाकोरी (धागाकर्ता)

किनारी रस्त्यालगतचा (कोस्टल रोड) विहारपथ १५ ऑगस्ट २०२५ला खुला झाला आणि समुद्रकाठच्या सायकल मार्गिकेचं भिजत घोंगडं पुन्हा वर आलं. दुसऱ्या धाग्यावर 'सायकलवाल्यांना आता जागा मिळाली, मरीन ड्राइव्हचा नाद सोडा' असा सूर निघाला. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी जागेवरची स्थिती. किनारी रस्ता प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळीला सागरी सेतूपर्यंत, १०.५८ किमी. त्यावर सायकल, दुचाकी, रिक्षा आणि पायी चालणारे सगळ्यांना बंदी आहे. ती योग्यच, ताशी ८०च्या रस्त्यावर सायकलचं काय काम? विहारपथ मात्र सगळ्यांचा. एकूण साडेसात किमी, २० मीटर रुंद. त्यातला ५.२५ किमी तेव्हा उघडला: प्रियदर्शिनी पार्क ते हाजी अली २.७५ आणि बडोदा पॅलेस ते वरळी २.५. मरीन ड्राइव्ह यापासून तुटलेला आहे. मध्ये मलबार हिल. त्याच्या पोटातून बोगदा जातो, पण सायकलला तो बंद.

म्हणजे विहारपथावर कितीही देखणा सायकल ट्रॅक केला तरी ताडदेवहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. तो फिरायला जायचा ट्रॅक आहे. चांगला आहे, हवाच आहे, पण वाहतुकीच्या हिशेबात धरू नका.

माझा प्रस्ताव असा. आपण डावीकडून गाड्या चालवतो, त्यामुळे मरीन ड्राइव्हवर समुद्राला लागून असलेला अर्धा रस्ता उत्तरेकडे, म्हणजे चौपाटीकडे जाणाऱ्यांचा. त्या बाजूला एकही गल्ली फुटत नाही, एकाही इमारतीचं फाटक नाही. सायकलचे बरेच अपघात वळणाऱ्या गाड्यांशी होतात, आणि इथे डावीकडे वळायला समुद्रच आहे. मग दुहेरी सायकल मार्गिका याच कडेला हवी.

रुंदीचं गणित: साडेतीन मीटरच्या तीन लेन धरल्या तर १०.५ मीटर. नुसत्या लेन आवळून भागत नाही. ३.२च्या केल्या तरी फक्त ९० सेंमी सुटतात, त्यात सायकल मावत नाही. एक लेन काढली तर दोन लेन ३.२५च्या = ६.५, सायकल मार्गिका ३, मधली मोकळी पट्टी १. बेरीज बरोबर १०.५. बसची रुंदी २.६च्या आसपास, आरसे धरून तीन, तेव्हा ३.२५मध्ये बस आरामात चालते.

हाणा आता.

मधली लेन

हाणतोच. तीनातली एक लेन काढली की क्षमता ३३ टक्के गेली, हे पाचवीतलं पोरगंही सांगेल. त्यात किनारी रस्त्यामुळे वरळीहून सुसाट आलेल्या गाड्या प्रिन्सेस स्ट्रीटपाशी ओतल्या जातात, आणि संध्याकाळी परतीची सगळी गर्दी याच उत्तरेकडच्या लेनमध्ये असते. हजारो कोटी खर्चून बोगदा बांधायचा आणि त्याच्या तोंडाशी बाटलीचं बूच लावायचं. सायकली किती, गाड्या किती?

खडीकरण

मधली लेन, ३३ टक्क्यांचं गणित चुकतंय, आणि ते कुठे चुकतं तिथेच या वादाची चावी आहे.

शहरातल्या रस्त्याची क्षमता चौकातल्या थांबारेषेवर ठरते, मधल्या पट्ट्यात नाही. एका लेनमधून सलग हिरवा मिळाला तर तासाला साधारण १,८०० कार जातात, म्हणजे दोन सेकंदांना एक. सिग्नलचं चक्र १२० सेकंदांचं आणि त्यात ६० हिरवा धरला तर लेनमागे ९००. तीन लेनच्या २,७००. दोन चौकांच्या मधल्या भागात सिग्नल नसतो, तिथे दोन लेनही तासाला ३,६०० वाहतात. म्हणजे मधल्या पट्ट्यात तिसरी लेन पाणी साठवायच्या टाकीसारखी आहे, नळासारखी नाही.

पण थांबारेषेपाशी तिसरी लेन खरंच लागते. चाकोरी, तुमचा प्रस्ताव इथे लंगडा पडतो. ६० सेकंदांच्या हिरव्यात एका लेनमधून ३० गाड्या सुटतात. त्या लेनचा पूर्ण उपयोग व्हायचा तर रेषेच्या मागे ३० गाड्या गुणिले गाडीमागे साडेसहा मीटर, सुमारे १९५ मीटर जागा हवी. शंभरच मीटर दिली तर अर्ध्या हिरव्यातच ती लेन रिकामी पडते आणि मागच्या गाड्या दोन लेनमधून झिरपत राहतात. यावर उपाय आहे: चक्र ९०चं, हिरवा ४५चा. मग २२-२३ गाड्या, दीडशे मीटरमध्ये काम भागतं. लहान चक्राचा फायदा रस्ता ओलांडणाऱ्यांनाही होतो, त्यांना कमी ताटकळावं लागतं. दर चक्रात पिवळ्या-लालमध्ये चारपाच सेकंद वाया जातात, त्यामुळे चक्र लहान केल्यावर थोडी क्षमता जाते हे मान्य. ९०च्या खाली जाऊ नये.

तर मादाम कामा रोड, वीर नरिमन रोड अशा सिग्नलांच्या अलीकडचे दीडशे मीटर तीन लेन तशाच ठेवाव्या लागतील, आणि तेवढ्या टप्प्यात सायकल मार्गिका फूटपाथच्या कडेवर चढवावी लागेल. धाग्याच्या शीर्षकाला उत्तर: मधल्या पट्ट्यात लेन, चौकाजवळ फूटपाथ. दोन्ही थोडं थोडं कापायचं.

प्रिन्सेस स्ट्रीटचा मुद्दा मात्र मधली लेन यांचा, आणि तो खरा आहे. तिथे सिग्नलचं गणित लागू नाही. उड्डाणपुलाचा आणि किनारी रस्त्याचा प्रवाह एकमेकांत विणले जातात. गाड्या आडव्या सरकत असतात तिथे लेन कमी करणं म्हणजे धक्के आणि ब्रेक. त्या टप्प्यात सायकल पूर्णपणे रस्त्याबाहेर, कठड्याच्या बाजूला घ्यायला हवी. त्यात तडजोड नको.

मधली लेन

टाकी आणि नळ हे पटलं. तीन लेन थांबारेषेला राहणार असतील तर माझा विरोध निम्मा. उरलेला निम्मा अंमलबजावणीसाठी राखून ठेवतो.

कठडा

तुम्ही दोघांनी मिळून फूटपाथ वाटून घेतलात, चालणाऱ्यांना विचारलं का?

मरीन ड्राइव्हचा फूटपाथ दिसतो तेवढा वापरता येत नाही. कठड्यावर बसलेल्यांचे पाय आणि त्यांच्यासमोर उभे राहिलेले मिळून कडेचा सव्वा-दीड मीटर जातो. रस्त्याच्या बाजूला दिव्यांचे खांब आणि झाडं, तिथे आणखी मीटरभर. मधल्या पट्ट्यात लोक दोन्ही दिशांना चालतात, तेही तिघं-चौघं शेजारी शेजारी. चालणाऱ्याचा वेग ताशी ४-५ किमी, सायकल १५-२०. नुसत्या रंगाच्या रेषेने हे वेगळे राहत नाहीत. लहान मूल चेंडूमागे धावतं तेव्हा रेषा बघत नाही.

अंध व्यक्तींचा प्रश्न तर कुणी काढतच नाही. पांढऱ्या काठीला रंग कळत नाही. सायकल आणि चालण्याची जागा यांत किमान ५०-६० मिमीची पायरी लागते, त्याहून कमी असेल तर काठीला जाणवत नाही. आणि रेषेच्या जागी उठावाच्या फरश्या लावल्या तर पावसात सायकलचं चाक त्यांवर तिरकं घसरतं.

शिवाय ही साधी सडक नाही. जून २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाचा हा दर्शनी भाग. २०१५मध्ये पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले तर केवढं रामायण झालं, शेवटी पिवळसर प्रकाशावर यावं लागलं. इथे हिरवेगार प्लॅस्टिकचे खांब आणि लाल रंगाचा पट्टा चालेल असं कुणाला वाटत असेल तर धन्य. वारसा समितीकडे फाइल जाणार, सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचीही परवानगी लागणार. समुद्राकडे एक वीतही सरकलात तर प्रकरण वर्षभर गेलं.

खडीकरण

५०-६० मिमी मान्य. सायकल मार्गिका फूटपाथपेक्षा ६० खाली आणि गाड्यांच्या रस्त्यापेक्षा ६०-७५ वर, अशी तीन पायऱ्यांची रचना. कडेचा दगड उभा ठेवू नका, ४५ अंशांत तासा. उभ्या दगडाला पॅडल लागतं या भीतीने सायकलवाला अर्धा मीटर लांब चालतो, आणि तीन मीटरची मार्गिका प्रत्यक्षात अडीचची होते. रंगाची गरज नाही. काळा डांबरी पृष्ठभाग आणि बेसॉल्टची कड, वारसावाल्यांनाही खुपणार नाही.

उधाण

इथपर्यंतची सगळी चर्चा कोरड्या रस्त्यावरची आहे. आता पाणी.

अरबी समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पालिका ४.५ मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्या दिवसांत वारा नैऋत्येचा असला की लाट टेट्रापॉडांवर (किनाऱ्याला टाकलेले काँक्रीटचे चौपायी ठोकळे) फुटून कठड्यावरून आत येते, आणि सोबत गोटे, लाकडं, प्लॅस्टिक, नारळ आणते. कठड्याला लागून सायकल मार्गिका केली तर जून ते सप्टेंबर असे दिवस तिला बंद ठेवावंच लागेल आणि नंतर झाडावंच लागेल. म्हणून ती फूटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला हवी, समुद्राकडच्या नको. प्रिन्सेस स्ट्रीटपाशी खडीकरण 'कठड्याच्या बाजूला' म्हणतात तिथेही अगदी कठड्याशी नको, तीन-चार मीटर आत.

आता काय काय कुजतं ते सांगतो.

पेव्हर ब्लॉक अजिबात नको. सांध्यांतली वाळू उधाणाचं पाणी उपसून नेते, खालची गादी बसते, दोन पावसाळ्यांत पृष्ठभाग लाटेसारखा होतो. ब्लॉकच्या तासलेल्या कडांनी सायकलला सतत थरथर, मनगटं दुखतात, मग लोक ट्रॅक सोडून रस्त्यावर येतात. 'सायकलवाले ट्रॅक वापरतच नाहीत' ही तक्रार निम्म्या ठिकाणी इथून सुरू होते.

काँक्रीट करायचं तर सळई न घालता. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकामध्ये समुद्राचे तुषार थेट बसतात ती स्थिती 'अतितीव्र' गटात येते. सळईचं काँक्रीट तिथे किमान एम ३५ प्रतीचं आणि सळईवर आवरण ५० मिमी लागतं. ट्रॅकच्या १००-१२५ मिमी लादीत ५० मिमी वर आणि ५० खाली सोडल्यावर सळई नेमकी कशाला राहते? साधी लादी घाला, दर तीन-साडेतीन मीटरला करवतीने ३-४ मिमीचा सांधा कापा. पृष्ठभागावर झाडूचे ओरखडे आडवे ओढा, लांबीच्या दिशेने नकोत. गुळगुळीत घोटलेल्या काँक्रीटवर ऑगस्टमध्ये शेवाळ धरतं, आणि ओल्या शेवाळावर पातळ टायर म्हणजे साबण.

थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे रस्त्यावर वितळवून आखलेल्या रंगाचे रुंद पट्टे ओले झाले की घसरतात. खुणा हव्यातच तर त्यात कुस्करलेली बारीक खडी मिसळलेली असावी, आणि पट्टा चाकाच्या रेषेत न येता मध्ये यावा.

लोखंड: पावडर कोटिंगचे खांब वर्षात बुडापासून फुगतात. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही हा गैरसमज. ३०४ प्रतीच्या स्टीलवर खाऱ्या हवेत चहाच्या डागासारखा तांबूस थर येतो. ३१६ घ्या, नाहीतर गरम जस्तलेपाचं साधं लोखंड. सगळ्यात उत्तम म्हणजे कमीत कमी खांब.

आणि जाळ्या. रस्त्याच्या कडेची मार्गिका म्हणजे पावसाच्या पाण्याच्या जाळ्या नेमक्या मार्गिकेत. जाळीच्या पट्ट्या जायच्या दिशेला समांतर असतील तर पुढचं चाक आत जातं आणि माणूस हँडलवरून पुढे. पट्ट्या आडव्या, फट २० मिमीच्या आत. त्याहून बरं, जाळी काढून कडेच्या दगडातच पाण्याला तोंड द्या. मार्गिकेला उतार २ ते २.५ टक्के, रस्त्याकडे. ही कामं आधी, डांबर नंतर. उलटं झालं की झाकणं २०-२५ मिमी खाली राहतात आणि गोल खड्ड्यांची माळ तयार होते.

मावळतवारा

उधाण, वाचनखूण साठवली. ३०४-३१६ची माहिती बाल्कनीच्या ग्रिललाही कामाची!

हँडलबार

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. समुद्राकडच्या कडेला दुहेरी मार्गिका केली की दक्षिणेकडे, म्हणजे नरिमन पॉइंटकडे जाणारा सायकलवाला समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडाला तोंड देऊन चालतो. आणि डावीकडे राहायचं म्हटल्यावर तो मार्गिकेच्या गाड्यांकडच्या अर्ध्यात असतो. आपल्याकडच्या गाड्यांचे डिपर डावीकडे थोडे वर मारतात, कडेचा फूटपाथ दिसावा म्हणून. ती उचललेली बाजू बरोब्बर त्याच्या डोळ्यांत. मध्ये उंच झुडपं लावली तर समुद्र दिसणार नाही आणि कठडासाहेब उपोषणाला बसतील. तेव्हा चाकोरींनी धरलेली एक मीटरची मोकळी पट्टी कुठेही कमी करायची नाही, आणि मार्गिकेची कड परावर्तक खुणांनी आखायची. पाऊस, काळोख आणि झगमग एकत्र आले की कडेचा दगड दिसत नाही, माणूस त्यावरच आपटतो.

दुसरं, मार्गिकेवर चढायचं कसं? सगळी वस्ती, चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड स्टेशनं पूर्वेला, मार्गिका पश्चिमेला. मध्ये दोन्ही दिशांच्या लेन आणि दुभाजक. सहा लेन आणि दुभाजक मिळून २३ मीटर धरा. पायी १.२ मीटर सेकंदाला या वेगाने १९ सेकंद, वयस्कर माणसाला ०.९ने २५-२६. सायकलला उभ्यावरून सुटायला धरून ८-९ सेकंद पुरतात. दुभाजकात थांबायची वेळ आली तर सायकलची लांबी १.८ मीटर, दुभाजक दोन मीटरपेक्षा अरुंद असेल तर मागचं चाक लेनमध्ये राहतं. म्हणून एका दमात ओलांडता येईल असा सिग्नल हवा. आणि मार्गिकेवर चढायचा उतार १:२०, फार तर १:१२, तोंडाशी शून्य पायरी. '२५ मिमी चालतं' म्हणणाऱ्याने ओल्या दगडावर तिरकं चाक चढवून बघावं.

तिसरं, मलबार हिलची तोड. चौपाटीपासून प्रियदर्शिनी पार्कपर्यंत रस्ता दोनच: बाबुलनाथवरून केम्प्स कॉर्नर आणि नेपियन सी रोड, नाहीतर वाळकेश्वरचा चढ चढून तीन बत्ती आणि पलीकडे उतार. दोन्हीकडे पूर्ण मार्गिकेला जागा नाही. पण चढावर सायकल ताशी ८-१० वर येते आणि झोकांड्या खाते, उतारावर तीच २५-३०ने गाड्यांच्या बरोबरीने जाते. म्हणून फक्त चढत्या बाजूला दीड मीटर द्या, उतरत्या बाजूला मिसळून जाऊ द्या. निम्म्या जागेत काम होतं. हा तुकडा नसेल तर मरीन ड्राइव्ह आणि वरळी ही दोन बेटं राहतात.

कठडा

उपोषणाला नाही, फक्त कठड्यावर बसेन. चढत्या बाजूची कल्पना आवडली, ती माझ्या फूटपाथपासून लांब आहे.

पेठकर

पुण्याहून. तुम्ही एवढं बारीक मोजताय, पण पहिल्याच महिन्यात त्यात बाइक घुसणार. आमच्याकडे सातारा रस्त्यापासून गणेशखिंडीपर्यंत ट्रॅकचे सगळे प्रकार झाले. बाइक, टपऱ्या, डीपी बॉक्स, अर्ध्यात उगवलेलं झाड. खांब लावले तर खांबांमधून बाइक जाते.

खडीकरण

जाणारच. व्हीलचेअरला किमान ९० सेंमी मोकळी फट लागते, आणि बाइकचं हँडल ७०-८० सेंमीचं. व्हीलचेअर जाईल आणि बाइक जाणार नाही अशी फट गणितातच नाही. नागमोडी कुंपणं लावली की मालवाहू सायकल, तीनचाकी आणि आईच्या मागे बसलेलं मूल अडतं. बाइकवाला मात्र शिताफीने निघतो. खांब फक्त मोटार अडवायला: दीड मीटर अंतर, मार्गिकेच्या बरोब्बर मध्यावर एक, वर परावर्तक पट्टी. बाइकसाठी कॅमेरा आणि दंड, दुसरा इलाज नाही.

समुद्राच्या बाजूला एक नैसर्गिक फायदा आहे: तिथे दुकान नाही, फाटक नाही, गल्ली नाही, म्हणून बाइकला शॉर्टकट म्हणून तिचा उपयोग नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ट्रॅकचं उलट झालं. कचेऱ्यांच्या दारांतून जाणारा ट्रॅक, त्यावर गाड्या उभ्या, आणि दोन्ही टोकांना वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांपर्यंत सलग पोचायची सोय नाही. शेवटी 'कुणी वापरत नाही' म्हणून तो काढून रस्ता रुंद करायचं ठरलं. ट्रॅकची टोकं हवेत लटकत ठेवली की हेच होतं.

मेपलपान

व्हँकुव्हरहून थोडी भर. इथल्या स्टॅनली पार्कच्या समुद्रकाठच्या वाटेवर सायकल एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, आणि चालणारे वेगळ्या पट्ट्यात. वेगमर्यादा ताशी १५. एकदिशा केल्याने अरुंद जागेतही निभावतं. पण तो फिरायचा वळसा आहे. कामाला जाणाऱ्याला एकदिशा चालत नाही, कारण संध्याकाळी त्याला परत यायचं असतं.

तिथेच बागेतल्या मोटाररस्त्यावर कोविडच्या काळात एक लेन शंकू आणि अडथळे लावून सायकलला दिली होती. निवडणुकीनंतर २०२३मध्ये काढली. वाद जसाच्या तसा: गाड्या अडतात, वयस्करांना पोचता येत नाही, व्यापार बुडतो. तात्पुरत्या सामानाने केलेली गोष्ट दोन दिवसांत उचलता येते, हा तिचा गुणही आहे आणि घातही.

दर्यासारंग

सायकल, कार, चालणारे सगळे बोलून झाले. चौपाटीला अनंत चतुर्दशीला काय करणार?

गिरगाव चौपाटीला मोठ्या मूर्तींच्या ट्रॉल्या रस्त्यावरून वाळूत उतरतात. वाळूवर लोखंडी प्लेटा टाकतात, नाहीतर चाकं रुततात. तुमची ६० मिमीची पायरी आणि तासलेला दगड नेमका त्या वाटेवर. लहान चाकांच्या जड ट्रॉलीला ६० मिमीचा धक्का म्हणजे २० फुटांची मूर्ती हेलकावणार. त्या टप्प्यात मार्गिका रस्त्याच्या पातळीलाच पाहिजे, खांब जमिनीत बसवलेल्या नळकांड्यात, कुलूप काढून उपसता येतील असे. नळकांड्याला झाकण आणि खाली पाणी जायला भोक ठेवा, नाहीतर वाळू आणि गंजाने वर्षात जाम होतं. ४ जुलै २०२४ला क्रिकेट संघाच्या मिरवणुकीला मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नव्हती. अशा गर्दीत गुडघाभर उंचीचा खांब दिसत नाही, लोक अडखळून पडतात, आणि पडलेल्यावर मागचे. गर्दीच्या दिवशी खांब काढायची जबाबदारी कुणाची, हे कागदावर आधी लिहा.

वरळीकडे आणखी एक. समुद्रकाठचं काहीही आखताना कोळीवाड्याला शेवटी विचारायची सवय आहे. तिथल्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडतात त्या जागी किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांत २०० मीटर अंतर मागितलं होतं. झगडून एक खांब वगळला गेला आणि १२० मीटर मिळाले. ते आधी विचारलं असतं तर आराखडा दोनदा काढावा लागला नसता. विहारपथावर सायकल ट्रॅक आखताना होड्या ओढायची आणि जाळी वाळवायची जागा कुठे येते, ते कोळीवाड्यात जाऊन बघा. विमानातल्या फोटोवरून कळत नाही.

चाकोरी (धागाकर्ता)

दर्यासारंग, विसर्जनाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रस्तावात बदल करतो: चौपाटीच्या टप्प्यात सपाट मार्गिका, काढता येणारे खांब. चौकांच्या अलीकडे दीडशे मीटर फूटपाथच्या रस्त्याकडच्या कडेवर, प्रिन्सेस स्ट्रीटपाशी रस्त्यापासून पूर्ण तोडून. मधल्या पट्ट्यात लेन काढून.

बसथांबे राहिले. समुद्राकडे १२३सारख्या बसचे थांबे आहेत. मार्गिका थांब्याच्या मागून वळवायची, बसमधून उतरणाऱ्याला उभं राहायला अडीच मीटरचा ओटा, आणि ओट्यापासून फूटपाथपर्यंत मार्गिकेवर उंचवटा. तिथे सायकलने थांबायचं, प्रवाशाने नाही.

मधली लेन

प्रस्ताव आता बरा दिसतो, पण गाड्या आणि सायकली किती हा माझा प्रश्न तसाच आहे. आकडे कुणाकडे आहेत? नसतील तर आपण सगळे उंटावरून शेळ्या हाकतोय.

खडीकरण

बरोबर. मोजायला फार लागत नाही. दोन माणसं, दोन तक्ते, एक घड्याळ. वीर नरिमन रोडचा चौक आणि चौपाटीजवळचा एक चौक. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. सोमवार-शुक्रवार वेगळे असतात. सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना. कार, टॅक्सी, बस, दुचाकी, सायकल, चालणारे वेगवेगळे. सायकलींत दूधवाले, पाववाले, डबेवाले, कुरियर यांची वेगळी खूण करा. 'सायकल म्हणजे रविवारची हौस' असं म्हणणाऱ्यांना तेच उत्तर आहे. पहाटे ५ ते ७ हा आणखी एक फेरा घ्या, पाव आणि दूध तेव्हाच फिरतं आणि आठची मोजणी ते पकडत नाही.

शिवाय प्रत्येक लालच्या शेवटी प्रत्येक लेनमध्ये किती गाड्या उभ्या आहेत ते लिहा. वरची दीडशे मीटर पुरतात की नाही, ते त्या एका रकान्यावरून कळेल.

रविवारी मोजून उपयोग नाही. डिसेंबर २०१७मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापासून वरळीपर्यंत अशी रविवार सकाळची सायकल मार्गिका सुरू झाली होती, मार्च २०२२मध्ये पोलिसांचे रविवारचे मोकळे रस्ते झाले. दोन्हीकडे लोक आले, पण शंकू उचलले की मार्गिका संपते. त्यातून सोमवारचं काही कळत नाही.

मधली लेन

संध्याकाळचा तक्ता मी भरतो. माझ्या आकड्यांवर तरी तुम्हाला शंका येणार नाही.

हँडलबार

पहाटेचा माझा. दुभाजकाची रुंदीही मोजून ठेवतो, प्रत्येक सिग्नलपाशी.

उधाण

तक्त्यात भरतीची वेळ आणि उंची लिहायचा रकाना राहिला. मोठी भरती संध्याकाळी आली की कठड्यावरची माणसं मागे सरकतात आणि फूटपाथ निम्मा होतो. त्या दिवशीची मोजणी बाकीच्या दिवसांशी जुळणार नाही.